नडगीचं हाड आणि तीनशे किलो पीठ

५ नोव्हेंबर २०२३, रविवार, पहाटेचे सव्वासहा. वाशीहून पाम बीच रोडने निघून, किल्ला गावठाणाला वळसा घालून मी परत फिरले होते. ठरलेल्या चोवीसपैकी तेरा किलोमीटर झाले होते. श्वास इतका शांत होता की सोबतच्या मैत्रिणीशी अखंड गप्पा चालल्या होत्या. टी. एस. चाणक्यजवळ आलो आणि उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटांवर कळ आली. दुखणं सगळ्या नडगीभर नव्हतं. अंगठा दाबला तर रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी जीव कळवळत होता. मी दुभाजकाच्या कठड्यावर बसले, तेवढ्यात आमच्या इडली-डोशाच्या पिठाच्या गाळ्यावरून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, ताईंचा, फोन आला. "अगं, आज पुन्हा चौदा क्रेट परत आलेत. पिशव्या फुगल्यात सगळ्या. आणि दाणा बंदरातून डाळवाल्यांचा फोन होता, मागचं बिल दिल्याशिवाय उद्या उडीद डाळ उतरवणार नाहीत."

माझा पाय आणि आमचा धंदा एकाच आठवड्यात मोडला. दोन्हींचं कारण एकच होतं, हे कळायला मला पुढचे आठ आठवडे लागले. सक्तीची विश्रांती होती म्हणून वेळही होता. नवा धंदा मांडणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहिते आहे.

आधीचं चित्र

माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, कोपरखैरण्यात गिरणी आहे. दळणाबरोबर तिथे इडली-डोशाचं भिजवलेलं धान्यही वाटून मिळायचं. बायका भिजवलेले डाळ-तांदूळ डब्यातून आणायच्या आणि पीठ घेऊन जायच्या. पुढे धान्य आणणाऱ्या बायका कमी झाल्या आणि "तयारच द्या ना" म्हणणाऱ्या वाढल्या. जून २०२२ मध्ये ताईंनी आणि मी पाकीटबंद पीठ सुरू केलं. पावणे एमआयडीसीत छोटा गाळा, दोन दगडी ग्राइंडर, एक जुना डीप फ्रीजर आणि रोजचं चाळीस किलो पीठ. मी एका कंपनीच्या खरेदी विभागात चौदा वर्षं काढून नोकरी सोडली होती. वाटण्याचं सगळं ज्ञान ताईंचं. उडीद डाळ वाटताना दगड तापतो, पीठ कोमट झालं की फेस मोडतो आणि आंबणं वेळेआधी सुरू होतं, म्हणून त्या बर्फाचं पाणी घालतात आणि दर दहा मिनिटांनी बोट बुडवून बघतात. थर्मामीटर आला तरी ते बोट थांबलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ पर्यंत आम्ही रोज १३० किलोवर आलो होतो. ४६ किराणा दुकानं आणि तीन कॅन्टीन. बहुतेक रोख, काही आठवड्याच्या हिशेबावर. एक किलो पीठ आम्हाला सगळा खर्च धरून ४८ रुपयांना पडायचं आणि दुकानाला ६२ला जायचं. हातात ४ लाख २० हजार रुपये होते आणि कर्ज शून्य. चौदा महिन्यांत चाळीसचे एकशे तीस. आज मागे वळून पाहताना वाटतं, तीच आमची खरी चाल होती.

धावण्याचंही तसंच. छत्तिसाव्या वर्षी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर चालायला सुरुवात केली होती. दोन वर्षांत अर्ध मॅरेथॉन झाली होती आणि आठवड्याला तीस-बत्तीस किलोमीटर अंगवळणी पडले होते. जानेवारी २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरासाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, मी नाव नोंदवलं.

सात आठवडे

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सुपरमार्केट साखळीकडून विचारणा आली. नवी मुंबई आणि ठाण्यातली मिळून अकरा दुकानं, रोज ८० किलोपासून सुरुवात, पुढे वाढ. अटी दोन होत्या. पैसे साठ दिवसांनी आणि न खपलेला माल पूर्ण परत. आम्ही त्याच आठवड्यात होकार दिला. ४ सप्टेंबरला पहिली गाडी गेली. पाच आठवड्यांत त्यांचा माल ८० वरून १७० किलोवर गेला आणि आमचं रोजचं पीठ तीनशे किलो झालं.

याच काळात मी आठवड्याचं धावणं ३२ वरून ३८, ४५, ५२ आणि ५८ किलोमीटरवर नेलं. दर आठवड्याला वाटायचं, अजून शिल्लक आहे. तिकडे गाळ्यावर दर आठवड्याला वाटायचं, अजून माल निघेल. दोन्हीकडे ते खरंच होतं. म्हणूनच आम्ही फसलो.

पैशाचा हिशेब आता सरळ मांडते. साठ दिवस हे बिलाच्या तारखेपासून नव्हते, महिनाअखेरच्या स्टेटमेंटपासून होते. म्हणजे ४ सप्टेंबरच्या मालाचे पैसे २९ नोव्हेंबरला, ८६ दिवसांनी. तोवर रोजचे तांदूळ, डाळ, पिशव्या, वीज, पगार आणि टेम्पो आमच्या खिशातून. त्या ८६ दिवसांत साखळीच्या मालावर साधारण सव्वासहा लाख रुपये गेले. हातातल्या ४ लाख २० हजारांपैकी २ लाख ८० हजार आम्ही सुरुवातीलाच तिसरा ग्राइंडर आणि शीतखोलीच्या आगाऊ रकमेत घातले होते. उरले १ लाख ४० हजार. जुन्या दुकानांच्या नफ्यातून लाख-सव्वालाख आले. दाणा बंदरातल्या व्यापाऱ्यांनी जुन्या ओळखीवर लाखभराची उधारी दिली. आणि ताईंनी मला न सांगता पाटल्या सोनेतारण ठेवून अडीच लाख आणले.

मला सर्वांत जास्त लागलं ते हे की मी चौदा वर्षं खरेदी विभागात होते. साठ दिवसांची उधारी मी स्वतः कितीतरी छोट्या पुरवठादारांकडून कबूल करून घेतली होती. त्यांच्या घरी त्या साठ दिवसांत काय चालतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

हाडाच्या आत

एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले की असा बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. एमआरआयत तो दिसला. स्ट्रेस फ्रॅक्चर. पडून, आपटून मोडलेलं हाड नव्हे. त्याच जागी वारंवार भार पडून आलेला तडा. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि त्या दहा मिनिटांनी धंद्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

आपण नव्याने जास्त पळू लागलो की शरीरातल्या सगळ्या गोष्टी एका वेगाने बदलत नाहीत. रक्तातला पातळ भाग पहिल्या काही दिवसांतच वाढतो, त्यामुळे हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं. स्नायूंची प्राणवायू वापरण्याची ताकद काही आठवड्यांत सुधारते. म्हणून दम झपाट्याने वाढतो. स्नायूबंध आणि हाडं महिन्यांच्या हिशेबाने चालतात. एवढं मला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. हाड वाढीव भाराला उत्तर देताना आधी स्वतःला पोखरतं. एका प्रकारच्या पेशी जुना, शिणलेला भाग खाऊन टाकतात, मग दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवं हाड भरतात. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमक्या त्याच काळात वाढलेल्या दमामुळे आपल्याला सर्वांत ताकदवान वाटत असतं.

मी घरी येऊन वहीत लिहिलं: तिसरा ग्राइंडर.

कारण तेच झालं होतं. तिसरा ग्राइंडर आला त्या दिवसापासून गाळ्याची ताकद वाढायला हवी होती, प्रत्यक्षात घटली. नव्या दोघींना शिकवायला ताई त्यांच्या ग्राइंडरवरून उठल्या, म्हणजे आमचा सर्वांत पक्का हात सहा आठवडे उत्पादनाबाहेर गेला. शीतखोलीसाठी भिंत फोडली, तेव्हा जुना फ्रीजर दाराशी उन्हाच्या तिरिपेत आला. रोख रक्कम यंत्रात गेली आणि अडीअडचणीला काही उरलं नाही. नवं उभारण्यासाठी जुनं पोखरलं जात होतं आणि त्याच आठवड्यांत आम्ही भार दुपटीहून जास्त केला होता. तीन महिन्यांनी हेच तीन ग्राइंडर, हीच माणसं तीनशे किलो सहज पेलू शकली असती. नोव्हेंबरमध्ये त्यांना ते पेलणं शक्य नव्हतं.

वाढीची भीती बाळगा, असं मला म्हणायचं नाही. भार पडला नाही तर हाडही पक्कं होत नाही. पण मागणी वाढणं म्हणजे दम वाढणं, आणि धंद्याचं हाड म्हणजे खेळतं भांडवल, शिकलेले हात, ठरून गेलेली कामाची पद्धत. दम वाढला की आपण त्यालाच तब्येत समजतो.

अण्णांना मी हे सांगितलं तर त्यांनी सहज मान डोलावली. म्हणाले, "नवा दगड बसवला की पहिले काही दिवस कच देतो. त्यात गिऱ्हाइकाचं दळण घालायचं नसतं." पन्नास वर्षं दगडाला टाकी लावणाऱ्या माणसाला एमआरआयची गरज नव्हती. आम्ही त्यांना आधी विचारलं नव्हतं.

बोलता येईल असा वेग

फुगलेल्या पिशव्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी.

पीठ आंबतं तेव्हा त्यातले जिवाणू वायू सोडतात. थंडाव्यात, चार-पाच अंशांवर, हे काम अगदी मंदावतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन तास जरी थंडावा तुटला तरी पिशवी उशीसारखी होते. आम्ही तीन आठवडे आमच्या गाळ्यात चूक शोधत होतो. डाळ बदलली, मेथी कमी केली, पाण्याची तपासणी केली. कारण मात्र आमच्या टेम्पोवाल्या पोराला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. दोन दुकानांत रात्री बंद करताना फ्रीजचा खटकाच खाली करत होते. त्याने सांगितलं का नाही? मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही दोघी सारख्या धावपळीत. सांगणार कधी?"

लांब पल्ल्याच्या सरावात बहुतेक धावणं सावकाश करायचं असतं, इतकं सावकाश की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. नवीन मंडळींना हे पटत नाही, मलाही पटायला वर्ष गेलं. हळू धावून वेग कसा येणार? पण पाया त्याच वेगात बांधला जातो, आणि बोलता येत असतं तोवर शरीर काय सांगतंय तेही ऐकू येतं. गाळ्यावर त्या सात आठवड्यांत कुणी कुणाशी पूर्ण वाक्य बोललं नव्हतं. पूर्वी सकाळी साडेदहाला चहा व्हायचा, तेव्हा कुठल्या दुकानात काय चाललंय ते आपोआप कळायचं. सप्टेंबरात आम्ही तो चहा बंद केला होता, वेळ वाचवायला.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग चूक ती होती. उधारीची चूक आकड्यात दिसली, ही दिसलीच नाही. परत आलेल्या मालापोटी पहिल्या पेमेंटमधून जवळजवळ अठरा टक्के रक्कम कापली गेली.

माघार

डॉक्टरांनी आठ आठवडे धावणं बंद केलं. मॅरेथॉन गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताई आणि मी ठरवलं की धंद्यालाही तेच द्यायचं. साखळीच्या कार्यालयात जाऊन सांगितलं की अकरापैकी चारच दुकानं देऊ, वाशी, सानपाडा आणि नेरुळमधली, जिथे आमचा माणूस रोज स्वतः फ्रीज बघू शकतो. पैसे बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत हवेत आणि परतीला पाच टक्क्यांची मर्यादा. त्यांना ते मान्य नव्हतं. आम्ही सात दुकानांचा माल थांबवला.

त्यासाठी किंमत मोजावी लागली. सातही दुकानांतली आमची जागा दुसऱ्या पिठाने महिनाभरात घेतली, ती आम्हाला आजवर परत मिळालेली नाही. नव्याने घेतलेल्या दोघींना आम्ही डिसेंबरात थांबायला सांगितलं. त्यातल्या एकीने ऑक्टोबरमध्येच मुलाची शाळेची बस लावली होती, पगाराच्या भरवशावर. ती पुढे परत आली, दुसरी आली नाही. आपण दमाच्या भरात जास्त पळालो तर पाय आपलाच मोडतो. धंद्यात तो दुसऱ्याचाही मोडतो, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्याच महिन्यात आमच्या सीएंनी विचारलं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नव्हती. ऑनलाइन, फुकट, आणि आम्ही दीड वर्ष केली नव्हती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात साठ लिहिले तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. आधीच्या बिलांना याचा आधार मिळणार नाही, पुढच्यांना मिळेल, असं त्यांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट जुळून आली. तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशा पुरवठादाराचं देणं मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. फेब्रुवारीत साखळीच्या हिशेब विभागातून आम्हालाच फोन आला, नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवा म्हणून. मार्चपासून चार दुकानांचे पैसे बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत येऊ लागले. तीस मिळाले नाहीत. पाटल्या एप्रिलमध्ये सुटल्या.

फेब्रुवारीतच मी पुन्हा पळायला लागले. एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं. तीन आठवडे थोडं थोडं चढवायचं, चौथ्या आठवड्यात मुद्दाम उतरवायचं, म्हणजे भरणाऱ्या पेशींना वेळ मिळतो. गाळ्यावर आम्ही त्याचाच पाळण्याजोगा नियम केला. एकदा माल वाढवला की पुढचे तीन महिने तोच आकडा धरायचा, मागणी कितीही येवो. त्या तीन महिन्यांत नवं यंत्र नाही, नवा मार्ग नाही. एका गिऱ्हाइकाकडे एकूण विक्रीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त माल नाही. आणि साडेदहाचा चहा सगळ्यांनी एकत्र घ्यायचा.

मे २०२४ मध्ये बँकेकडून कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तेव्हा उचलता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा मंजूर करून घेतली, तेव्हा गरज नव्हती. हे धावण्यातूनच आलं. माणूस साधारण किलोमीटरमागे, वजनाच्या किलोला एक कॅलरी खर्च करतो. माझ्या ६२ किलोला पूर्ण मॅरेथॉनला २६०० कॅलरी लागणार. शरीरात साखरेचा साठा फार तर दोन हजारांचा. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय अचानक शिशाचे होतात ते यामुळे. तेव्हा खाऊन उपयोग नसतो, पोट घेत नाही. पहिल्या पाऊण तासातच, भूक नसताना, घोट घोट घ्यायला लागतं. बँकही धाप लागलेल्याला लवकर पाणी देत नाही.

१९ जानेवारी २०२५ ला मी मुंबई मॅरेथॉन पूर्ण केली, साडेपाच तासांच्या थोडं पुढे. पहिले दहा किलोमीटर शेकडो लोक मला मागे टाकून गेले. परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला पेडर रोडचा चढ आला. तिथे मी चालले नाही.

जिथे तुलना लंगडी पडते

ही तुलना ताणली तर तुटते, तेही सांगायला हवं. मॅरेथॉनचं अंतर ठाऊक असतं. पेडर रोड कुठे आहे ते आधी माहीत असतं, म्हणून ताकद राखता येते. धंद्यात अंतरच माहीत नसतं. शिवाय मला कुणी मागे टाकलं तर माझी वेळ बदलत नाही. दुकानाच्या फ्रीजमध्ये मात्र एकच कप्पा असतो, आणि सावकाश जाणाऱ्याचा तो जातो. जो धंदा पहिली जागा पकडण्यावरच उभा आहे, त्याने आमची चाल उचलू नये. आमचा माल रोज लागणारा, चार दिवसांत नासणारा आणि भरवशावर विकला जाणारा. त्याला ही चाल मानवली.

२०२५ च्या अखेरीला आम्ही रोज २६० किलोवर होतो. साखळीचा हिस्सा २२ टक्के. जे सात आठवड्यांत करायला गेलो, त्याच्या जवळ यायला दोन वर्षं लागली.

मागच्या महिन्यात चौथा ग्राइंडर आला. खारघरच्या एका कॅन्टीनला दुसऱ्याच दिवशी वीस किलो जादा हवं होतं, ताईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. अण्णा काठी टेकत गाळ्यावर आले, खुर्ची ओढून नव्या दगडासमोर बसले आणि पहिले चार दिवस त्यात फक्त भिजवलेली कणी वाटायला लावली. दर घाण्याचं पीठ ते चिमटीत घेऊन बोटांवर चोळायचे, कच लागते का ते बघायचे आणि बादलीत टाकायला सांगायचे. पाचव्या दिवशी चोळलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "आता डाळ घाला."